शुक्राकडे पाठ

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मी ईटच्या पश्चिमेला एका गावात शाळामास्तर होतो. गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात होतं. सरहद्द मावळतीला, रात्रभराच्या चालीवर; पलीकडे हिंदुस्थान. शाळा सरकारी असल्यामुळे पुस्तकं उर्दू होती.

भूगोलाच्या पुस्तकात ग्रहांचा धडा होता. बुध म्हणजे उतारिद, शुक्र जोहरा, मंगळ मिर्रीख, गुरू मुश्तरी, शनी जुहल. मुलांनी नावं पाठ केली, पण ती आकाशात कुणाला लावायची हे त्यांना कळेना. म्हणून एका संध्याकाळी मी वर्ग शाळेच्या ओट्यावर भरवला. मुलांच्या मागे मोठी माणसंही येऊन बसली. सशस्त्र टोळ्या फिरत असल्यामुळे दिवेलागणीनंतर शेताकडे कुणी जात नसे, आणि घरात बसून राहणंही कठीण होतं.

शुक्र समोर पश्चिमेला होता. तो उजेड त्याचा स्वतःचा नाही, सूर्याचा आहे, हे मी सांगितलं. डोक्यावरून थोडे कललेले मंगळ आणि शनी शेजारी शेजारी होते, एक तांबूस, एक फिकट. ते एकत्र पाहून दोन बायका पोरांना घेऊन उठून गेल्या. गुरू उशिरा उगवणार होता. शनीच्या पलीकडचे ग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. तारे एकमेकांतली जागा सोडत नाहीत, ग्रह त्यांच्यातून सरकत राहतात. पुस्तकात ग्रहाला सय्यारा हा शब्द होता, म्हणजे फिरणारा. तोही मी सांगितला.

ऐकणाऱ्यांत गावचा किराणा दुकानदार होता, पन्नाशीचा लिंगायत वाणी. सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याची बायको दोन मुलींना घेऊन सरहद्दीपलीकडे माहेरी गेली होती. तो दुकानासाठी मागे राहिला होता.

"मास्तर, ह्यात राहू-केतू कुठंयत?" त्याने विचारलं.

"पुस्तकात नाहीत, आप्पा. ते ग्रहच नव्हेत."

"सरकारनं जप्त केले म्हना की!"

लोक हसले, आणि हसणं लगेच आवरलं. सगळे पांगल्यावर तो मागे राहिला. मी सतरंजी गुंडाळत होतो.

"ही चांदणी रोज हितंच असती का?"

"रोज."

"ऐन मावळतीला?"

"ऐन मावळतीला."

मला म्हणायचं होतं, सध्या रोज. तो रस्ता विचारत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ज्येष्ठात शुक्र रोज थोडा खाली येऊ लागला आणि एका संध्याकाळी दिसेनासा झाला. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जाताना तो असा लपतो. आषाढ लागल्यावर तो पहाटे पूर्वेला दिसला. शेतकऱ्यांना हे नवीन नव्हतं; पहाटेची शुक्राची चांदणी त्यांनी जन्मभर पाहिली होती. पण पश्चिमेला हिंदुस्थान होता आणि पूर्वेला हैदराबाद. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "फितली बघा." या वेळी कुणी हसलं नाही. आप्पा तिथे नव्हता. तो आता दुकानाबाहेर पडत नसे. कुलपं लावून आत झोपत असे.

आषाढाच्या अखेरीस शेजारच्या गावातलं दुकान जाळलं गेलं. त्याच संध्याकाळी आप्पाने किल्ली माझ्याकडे दिली आणि तो निघाला. आभाळ गच्च होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना एक बाई आडावर पाणी शेंदत होती. मागून आवाज आला.

"बाई, मोगलाई सरली का?"

तिने वळून पाहिलं. तो गुडघ्यापर्यंत चिखलात भरला होता आणि तिच्याकडे अनोळखी नजरेने बघत होता.

"आवं आप्पा, काय बोलताव? आपलंच गाव न्हाय का हे?"

त्याने आडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिथेच बसला. घागर टाकून ती पळत माझ्याकडे आली.

चकवा लागला, असं गावाने ठरवलं. मला कारण दिसत होतं. ढगांत त्याची दिशा हरवली. पहाटे आभाळ फाटलं, चांदणी दिसली, आणि माझ्या शब्दावर विसंबून तो तिच्या रोखाने चालत राहिला.

दुकानाचं दार लावून मी त्याला समजावलं. चिमणी हा सूर्य, गुळाचा खडा ही पृथ्वी, मधून फिरणारी सुपारी हा शुक्र. तो सुपारीकडे बघत राहिला.

"म्हंजी ती तीच?"

"तीच."

"मास्तर, तुमी तर रोज म्हनला व्हता."

"चुकलं माझं. मी येतो तुमच्याबरोबर."

"नको. दोन मानसं लांबनं दिसत्यात. मला निसतं सांगा, आता काय करू?"

मी नीट सांगितलं. ओढ्यापर्यंतची वाट पायाखालची आहे, तिथे थांबायचं. चांदणी उगवली की तिच्याकडे पाठ करायची. अवस जवळ आहे, चंद्राचा उजेड नसेल. चांदणीच्या उजेडाने आपली पुसट सावली पुढे पडेल, तिच्यामागे चालायचं. हे सगळं त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी तो गेला. आभाळ मोकळं होतं.

सप्टेंबरात निजामाचा अंमल संपला आणि मी सरहद्दीपलीकडे गेलो. आप्पा सासुरवाडीला पोचला नव्हता. त्याची बायको म्हणाली, "वाटंवर तरी इचारा."

तीन वस्त्यांवर विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. चौथ्या ठिकाणी मेंढ्यांचा वाडा होता. तिथला धनगर आधी बोलायला तयार नव्हता.

"पहाटं एक आला व्हता," तो शेवटी म्हणाला. "मानूस न्हवं ते. उलटं चालत आलं. तोंड चांदणीकडं, पाय हिकडं. त्याची नजर तिच्यावरनं हालत न्हवती."

"काही बोलला?"

"लई हाका मारल्या. हे कुठलं गाव म्हून इचारत हुतं. कारभारनीनं पोरांची तोंडं दाबून धरली. असल्याला ओ दिऊ न्हाय. मग गेलं तसंच, उलटं."

"कुठल्या बाजूला?"

त्याने ते बघितलं नव्हतं. कुत्री वाड्यात घेऊन त्याने काट्या ओढल्या होत्या.

वाडा हिंदुस्थानात होता. सरहद्दीचा दगड त्याच्या पूर्वेला, अर्ध्या कोसावर. मी परत जाऊन आप्पाच्या बायकोला जेवढं कळलं तेवढं सांगितलं. तिने दगड कुठे, वाडा कुठे, हे दोनदा विचारून घेतलं.

"म्हंजी हिकडं आले व्हते," ती म्हणाली. "मग त्यांना तसं कुनीच का सांगितलं न्हाय?"