ब्रेकबाईंचा पाय

गाडी शिकवणाऱ्या माणसाचं डोकं शांत असावं, असं म्हणतात. म्हणणारे बहुधा मागच्या सीटवर बसलेले असतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ज्यांनी अर्धं आयुष्य काढलंय त्यांना विचारून बघा. ब्रेकबाईंना विचारा.

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. दोन्हीकडचे ब्रेक खालून एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एकाने दाबला की दुसऱ्याकडचाही आपोआप खाली जातो. बाई आपला ब्रेक असा काही दाबत की शिकणाऱ्याचं कपाळ स्टिअरिंगची भेट घेऊन परत येई. मग तोंडाचा पट्टा सुटे. आरसा कशाला दिलाय, भांग पाडायला? समोरचा ट्रक दिसत नाही, मग दिसतं तरी काय? बाईंनी कधी शिवी दिली नाही, पण त्यापेक्षा शिवी परवडली असं लोक म्हणत. तसं म्हणत आणि पुन्हा आपल्या पोरांना त्यांच्याकडेच धाडत, कारण बाईंच्या हाताखालून गेलेला माणूस सहसा कुठे आपटत नसे, आणि बाईंच्या गाडीवर आजवर एक ओरखडा नव्हता.

त्यांचा नियम साधा होता. पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगकडे. काहीही झालं तरी शिकणाऱ्याला हात लावायचा नाही, कारण तेवढ्या वेळात गाडी भलतीकडे जाते. नवीन शिक्षक ठेवला की त्याला त्या आधी हेच घोकायला लावत.

पण दिवसभर जागा राहिलेला हा पाय झोपायला तयार नसे. बिछान्यात बाई झोपायच्या आणि पाय ब्रेक शोधत फिरायचा. सापडायची ती नवऱ्याची पोटरी. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि माणूस स्वभावाने गरीब. पोटरीवरचा काळानिळा डाग त्याने बरीच वर्षं निमूटपणे बाळगला. मग एक दिवस उशी बगलेत मारून तो बाहेरच्या खोलीतल्या कोचावर झोपायला गेला. भांडण नाही, तक्रार नाही. बाईंना ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

आणि मुलगी. कॉलेजात जाणारी, आईच्याच नाकाची, आईच्याच हट्टाची. सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या बाईची मुलगी पायी फिरायची. शिकायचं नाव काढलं की म्हणायची, तुझ्याकडे शिकण्यापेक्षा मी जन्मभर चालेन. काखेत कळसा असूनही पोरगी तहानलेली, आणि दोष कळशाचाच, हे बाईंना कळत होतं. पण कळून वळत नाही, त्याला करायचं काय?

नवऱ्यानेच मग हळूच सुचवलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध भंते ध्यान शिकवत. त्यांचा चष्मा तोच दुरुस्त करून द्यायचा. जाऊन तर बघ, म्हणाला. बाई गेल्या. चपला बाहेर काढल्या, भिंतीशी बसल्या. भंतेंचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते खुर्चीत आणि बाकी सगळे जमिनीवर. ते म्हणाले, जे येईल ते पाहा. राग आला तर राग पाहा, भीती आली तर भीती पाहा. धरू नका, ढकलू नका. आलेलं जातंच.

सुरुवातीचे दिवस बाईंचा पाय चटईवर ब्रेक दाबत राहिला. शेजारी बसणाऱ्या औषधांच्या दुकानवालीने एकदा डोळा किलकिला करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. मग एका सकाळी काहीतरी थांबलं. फ्रिज बंद पडला की तो इतका वेळ घुमत होता हे कळतं, तसं बाईंना कळलं की आपण आत कायम घाबरलेल्या होतो, आणि आत्ता नाही. कारण काही नाही, निमित्त काही नाही, आणि सुख मात्र अंगभर. घरी येताना त्यांनी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला हसून वाट दिली. तो माणूस बिचारा दचकला.

भंतेंना त्यांनी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. भंते म्हणाले, छान झालं, पण तिथे मुक्काम करू नका. बाईंना काही हे पटलं नाही. ज्यासाठी आलो ते मिळालं, आणि हे म्हणतात पुढे चला. पुढे कुठे? भंतेंनी गोष्ट सांगितली. घर सोडल्यावर बुद्ध आधी दोन मोठ्या गुरूंकडे शिकले. दोघांकडे त्यांना अपार शांती मिळाली आणि दोघांनाही ते सोडून गेले, कारण आसनावरून उठलं की दुःख होतं तिथेच असायचं. ती शांती होती, जाग नव्हती. ठीक, बाई म्हणाल्या, म्हणजे सुख सोडायचं.

पुढच्या वेळी त्याच भंतेंनी उलटी गोष्ट सांगितली. उपास करकरून बुद्धांचं शरीर मोडलं, तेव्हा त्यांना लहानपणीची एक दुपार आठवली. जांभळीच्या सावलीत ते एकटेच बसले होते आणि मन आपसूक सुखात स्थिर झालं होतं. त्यांनी स्वतःला विचारलं, या सुखाला मी का भितोय? आणि वाट तिथूनच सापडली. आता मात्र बाईंचं डोकं भणाणलं. त्यांनी भर वर्गात विचारलं, सुख सोडायचं की धरायचं ते एकदा नक्की सांगा. धरायचं तर नाहीच, एवढंच म्हणून भंते हसले. औषधवालीचं मत वेगळं होतं. गुण आला ना, मग गोळी कशाची केली ते विचारू नये, असं तिने चपला घालता घालता सांगून टाकलं.

बाईंनी औषधवालीचं ऐकलं, आणि त्यांना दोष देऊ नये. नवऱ्याची उशी कोचावरून परत आली होती. गाडीत ओरडणं थांबलं होतं, इतकं की बाईंची तब्येत बरी नाही अशी आवई उठली. आणि कित्येक दिवस आईला निरखून मुलीने एकदा विचारलं, मला शिकवशील? बाईंनी नुसती मान हलवली. बोलल्या असत्या तर रडू फुटलं असतं.

मुलीचे धडे सुरू होण्याआधीच शिंप्याचं प्रकरण झालं. शिंपी चार दिवसांचा शिकाऊ. बाजारामागच्या वळणावर तो गांगरला आणि ब्रेक समजून त्याने अॅक्सिलरेटर दाबला. समोर भिंत. बाईंना ती नीट दिसली. पोटातून भीती उठली, छातीपर्यंत आली. इतकी स्वच्छ भीती बाईंनी आयुष्यात पाहिली नव्हती. ती चढली, थबकली, उतरू लागली. उतरू लागली आहे हेही बाईंच्या लक्षात आलं. आणि मग गाडी भिंतीवर आदळली.

एक दिवा फुटला, बंपर चेपला, शिंप्याची जीभ चावली गेली आणि त्याच्या चष्म्याची काडी मोडली. एवढ्यावर निभावलं. शिंपी रागावला नाही. तो नुसता चक्रावून बाईंकडे पाहत राहिला.

"बाई, तुम्ही ब्रेक का नाही दाबला?"

बाई तशाच वाचनालयाचे जिने चढून गेल्या आणि भंतेंपुढे उभ्या राहिल्या. भीती पाहा म्हणालात, पाहिली. डोळे फाडून पाहिली. आता ती भिंत कोण पाहणार होतं?

भंते म्हणाले, पाहणं म्हणजे बघत बसणं नव्हे. बाई म्हणाल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्यावर भंतेंनी चष्मा काढला.

"तुम्ही भीती पाहत नसाल कदाचित. सुख सांभाळत असाल. धक्क्याने ते सांडू नये म्हणून हलला नसाल."

हे बाईंना झोंबलं, म्हणजे त्यात काहीतरी असावं. पण बाई सहजासहजी हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, ज्याला खरोखर बोध झाला आहे, त्याचा पाय हलला असता का?

"मला माहीत नाही," भंते म्हणाले. "मला बोध झालेला नाही. आणि मला गाडीही येत नाही."

जगात खरं बोलणारी माणसं थोडी, आणि तीही अशा वेळीच भेटतात. बाई जिना उतरल्या त्या जास्तच गोंधळून.

शिंपी चष्म्याची काडी बसवायला नवऱ्याच्याच दुकानात गेला, त्यामुळे घरात सगळं कळायला वेळ लागला नाही. मुलगी जेवताना मान खाली घालून होती. बाईंनीच विषय काढला. तुझी दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सोय करते, म्हणाल्या. मुलीने ताट बाजूला सारलं.

"मला तुझ्याकडेच शिकायचंय. तू सुखी आहेस ते दिसतं, आई. पण तुला आता माझी काळजी वाटते का, तेच दिसत नाही. माझ्यासाठी तरी तुझा पाय हलेल ना?"

हो म्हणायला काय लागतं? आया रोज शंभर गोष्टींना हो म्हणतात. पण बाईंच्या तोंडून हो निघालं नाही, कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं. पूर्वीच्या बाईंना कुणी असं विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण ती बाई या पोरीला नको होती. आणि या बाईवर पोरीचा भरवसा नव्हता. स्वतः बाईंचा तरी कुठे होता?

मग त्या एका सकाळी ध्यानाला बसत, एका सकाळी टाळत. बसलं की सुख येई आणि त्याची भीती वाटे. टाळलं की भीती येई आणि सुखाची आठवण येई. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी गत. पुन्हा भंतेंना विचारावं तर ते तिसरी गोष्ट सांगतील अशी धास्ती.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा मुलगी न बोलवता ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. पट्टा लावला, आरसा नीट केला. बाई शेजारी बसल्या. पाय ब्रेकवर ठेवला आणि त्यांना तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटला. मुलगी चांगली चालवत होती. क्लच हळू सोडत होती, वळणाआधी गिअर उतरवत होती. हे सगळं केव्हातरी आईच्या शेजारी बसून पाहूनच शिकली असणार, हे बाईंच्या मनात आलं आणि त्यांना भरून आलं.

लाँड्रीच्या अलीकडे एक टेम्पो उभा होता. त्याच्या पुढून एकदम कपडे रस्त्यात आले. चाकांच्या स्टँडवर लटकवलेले शर्ट, कोट, साड्या, आणि ढकलणारा माणूस पूर्ण त्यांच्याआड. त्याला गाडी दिसत नव्हती, गाडीला तो दिसत नव्हता.

गाडी थांबली. पहिला शर्ट बॉनेटला लागून झुलत राहिला. कपड्यांतून एक डोकं बाहेर आलं, त्याने दोघींकडे पाहिलं आणि स्टँड ढकलत ते निघून गेलं.

ब्रेक खालपर्यंत गेलेला होता. आईचा पाय आईच्या ब्रेकवर, मुलीचा मुलीच्या. दोन्ही ब्रेक तळाला.

"तू दाबलास?" मुलीने विचारलं.

"तू नाही दाबलास?"

"मला आठवत नाही. पाय ठेवला तेव्हा खालीच होता असं वाटतंय. की मीच..." मुलगी थांबली. "आई, खरं सांग. तू दाबलास ना?"

मी दाबला, असं म्हटलं असतं तर पोरीचं समाधान झालं असतं. कदाचित ते खरंही असेल. बाईंनी मनात मागे जाऊन शोधलं. भीती आली होती का? पाहिली नव्हती. सुख होतं का? तेही नाही. पाहणारं कुणी नव्हतंच. नुसते कपडे होते आणि मग थांबलेली गाडी. हे भंते म्हणतात ते होतं, की जुनी सवय होती, की पोरीच्याच पायाने आपला पाय खाली नेला होता? बाईंना रडावंसं वाटलं.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

मुलगी खाली, स्वतःच्या छातीकडे पाहत होती. बाईंनीही पाहिलं. त्यांचा उजवा हात मुलीच्या छातीवर आडवा होता. पंजाने तिचा पलीकडचा खांदा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तो कधी गेला, कुणी पाठवला, बाईंना पत्ता नव्हता.

"हा हात चुकला," बाई पुटपुटल्या. "हा स्टिअरिंगकडे जायला हवा होता."

"हो," मुलगी म्हणाली. "तूच सांगतेस सगळ्यांना."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. बाईंनी हात काढायचं ठरवलं, पण हात ऐकेना. बोटं एकेक करून सोडवावी लागणार होती. मुलीने डावा हात गिअरकडे नेला, आईच्या कोपराखालून वाट काढत, आणि पहिला गिअर टाकला.

"असू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "मला असंही चालवता येईल."

"आधी आरसा बघ," बाई ओरडल्या.