निम्म्या शेळ्यांची पावडर

शेळी अडली की तिला हाक मारायची, म्हणून सगळे तिला सुईणबाईच म्हणत. थोरल्या भावाच्या शेळ्या सांभाळण्यात तिची उमर गेली. पोटात आडवं आलेलं करडू हात घालून सरळ करावं ते तिनंच. पण बाहेर आल्यावर जे उभंच राहत नाही, त्याच्यापुढं ती हात टेकायची. दर वेताला अशी काही निघायची. मागचे पाय ओल्या फडक्यासारखे, आईच्या सडापर्यंत तोंड पोचेना. ती बाटलीनं पाजायची, पोटाशी धरून बसायची आणि शेवटी खड्डा खणायची.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "चाऱ्यात सेलेनियम कमी पडतंय, ई जीवनसत्त्वही. त्यानं पिल्लांचे स्नायू आतून गंजतात म्हणा ना. गाभण शेळ्यांना ही पावडर कोंड्यातून द्या. पण मापानं. जास्त झाली तर विषच."

दादाला पटेना. "आपल्या बापानं कधी पावडर घातली होती?"

"बापाच्या शेळ्या डोंगरभर चरायच्या. तू यांना कोंडून कोंडा घालतोस."

"तोंडाला लागू नकोस. निम्म्यांना घाल, निम्म्यांना नको. वेतात फरक दिसला तर सगळ्यांना आणतो. नाही दिसला, तर पावडरचं नाव काढायचं नाही."

ती हो म्हणून बसली. उजव्या कप्प्यातल्या शेळ्यांना तांबड्या बादलीतला पावडरचा कोंडा, डाव्यांना पांढऱ्या बादलीतला नुसता. कालवायची ती स्वतः. गव्हाणीत टाकायचं काम घरातल्या म्हाताऱ्या आत्याचं, पहिल्यापासूनचं.

वेत आलं. उजवीकडची करडं अंग झटकून उभी राहिली. सुईणबाई हरखली. मग डावीकडच्या शेळ्या व्यायला लागल्या, तर त्यांचीही करडं टुणकन उभी! एकही लुळं नाही. करडू उभं राहिलं म्हणून रडू यावं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

दादा मिशीत हसला. "तुझी पावडर म्हणजे लग्नातला बँड. वाजला तरी लग्न लागतं, नाही वाजला तरी लागतं."

तिला काही केल्या उमजेना. मग एका सकाळी आत्या मागं राहिलेल्या दोन-चार गाभण शेळ्यांना कोंडा घालत असताना तिनं पाहिलं. आत्यानं दोन्ही बादल्या घमेल्यात उलट्या केल्या, कोपरापर्यंत हात घालून ढवळल्या आणि सगळ्यांना सारखं वाढलं.

"आत्या! हे काय करतेस?"

"काय म्हणजे? एकीला तुपातलं आणि दुसरीला कोरडं? असला पंक्तिप्रपंच आपल्या घरात कुणी केला नाही. सगळ्याच पोटुशा आहेत गं."

"अगं, तोच तर करायचा होता! माझी सगळी मेहनत कालवलीस की घमेल्यात!"

आत्याचा हात धरून तिनं तिला दादासमोर उभं केलं. दादा म्हणाला, "तू शिकवशील ते बोलेल ती. तुझी लाडकी आत्या."

"मेल्या, मी खोटं बोलते?" आत्या उसळली. "लहानपणी दोन कानाखाली वाजवायच्या राहिल्या तुझ्या!"

तेव्हा कुठं तो नरमला. "बरं. पुढच्या वेताला पुन्हा करून बघ. पण या खेपेला नीट."

"परत करडं मारायची? सरळ सगळ्यांना घालू या ना, दादा. घातली तेव्हा निम्म्या मापातही सगळी जगलीच की."

"सगळ्यांना घातली तर फरक कशात दिसणार?"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून ती आणखीच चिडली.

शेळ्या पुन्हा गाभण राहिल्या. गव्हाणीचं काम तिनं आत्याकडून काढून घेतलं, तेव्हापासून आत्या तिच्याशी धड बोलत नव्हती. दोन्ही बादल्या आता तीच उचलायची. पहिल्या सकाळी तांबडी झटक्यात रिकामी झाली. पांढरी घेऊन ती डाव्या कप्प्यापाशी जरा थांबली, आणि मग ओतली. शेळ्यांनी माना घातल्या आणि मचमच करत मजेत खायला लागल्या.

"तक्रार तरी करा गं रांडांनो," सुईणबाई म्हणाली.