उचललेला भंडारा

आमच्या गल्लीतले मल्हारराव म्हणजे आमच्यासारखेच धनगर. लहानपणी मेंढरं राखली, मग मुकुंदवाडीत येऊन कंपनीत हमाली केली आणि आधी पोरांना, मग म्हातारपणी पोरींना कबड्डी शिकवायला लागले. गल्लीच्या टोकाला पालिकेचं मोकळं मैदान होतं. तिथं रोज संध्याकाळी चुन्याच्या फक्कीनं रेषा मारायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि मेंढरं हाकल्यासारखं तोंडानं "हुर्रर्र" करायचे. पोरी लगेच आपापल्या जागेला. माझी नात ज्ञानेश्वरी त्यातलीच, आणि समोरच्या बिल्किसची लाइबाही. लाइबा चढाईला गेली की बिल्किस डोळे गच्च मिटून श्वास रोखायची. मी म्हणायची, "अगं, खेळतीय ती. दम तू कशाला धरतीस?"

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. फक्त हनुमान मामा म्हणायचा, सख्ख्या बहिणीचा पोरगा ना. बाप लवकर गेला, तेव्हा नानांनीच त्याला सांभाळला, त्याच मैदानावर घडवला. पुढं तो नगरसेवक झाला. विजयाच्या मिरवणुकीत आधी मैदानावर आला, तिथली माती कपाळाला लावली. नानांच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, "आक्का, आता मला कसली काळजी नाय."

त्या मैदानावर रात्री दारुडे बसायला लागले होते. सकाळी नुसत्या काचाच काचा. एकदा लाइबाच्या टाचेत काच घुसली, टाके पडले. तेव्हा आम्ही बायाच वॉर्डाच्या ऑफिसात गेलो. भिंत द्या, दिवे द्या, फाटक द्या. हनुमानानं सगळं मंजूर करून आणलं. आम्ही त्याला ओवाळलं. तबक माझ्याच हातात होतं, आठवलं की माझं मलाच हसू येतं.

भिंत झाली, फाटक लागलं, आणि न मागता कुलूपही लागलं. मग भिंतीवर एक कागद डकवला. बिल्किसनं वाचून दाखवला. लोकांच्या सुरक्षेसाठी इथला खेळ बंद, जागा गाड्या लावायला द्यायचा विचार आहे, कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्या. बिल्किस शिकलेली. तिनं लगेच हरकत लिहिली आणि पहिली सही घ्यायला नानांच्या ओट्यावर आली.

तेवढ्यात हनुमान आला. "मामा, ही ऑफिसवाल्यांची नुसती कागदं रंगवायची कामं. मी बसलोय ना तिथं? माझ्याच गल्लीतनं हरकत गेली तर माझं नाक कापलं जाईल."

नाना उठले. आत जाऊन भंडाऱ्याची पिशवी आणली आणि त्याच्यापुढं धरली. खंडोबाचा भंडारा उचलून शब्द दिला की आमच्यात दुसरा पुरावा कुणी मागत नाही. हनुमानानं मूठभर उचलला. "मैदान पोरांचंच राहील मामा. खंडोबाची आण."

बिल्किस हळूच म्हणाली, "नाना, कसम सर आँखों पर. पर ये कागद भी जाने देव ना."

नाना चिडले नाहीत, हसले. "बेटी, भंडारा उचलल्यावर कागद द्यायचा म्हणजे देवाकडं पावती मागितल्यासारखं व्हतंय." कागदाची घडी करून त्यांनी तिच्या हातात परत दिली. मग गल्लीत कुणीच सही केली नाही.

महिना सरला. पोरी रोज फाटकापर्यंत जाऊन परत यायच्या. नाना म्हणायचे, "किल्ली येतीय." आलं ते डांबर. नाना धावतच कामावरच्या मुकादमाला आडवे गेले. तो बिचारा म्हणाला, "बाबा, हरकत एकबी आली नाय. रहिवाशांचा पाठिंबा हाय, असं नगरसेवकांनीच लिहून दिलंय." दोन दिवसांत गाड्यांसाठी पांढऱ्या रेषा मारल्या. त्यातली एक नेमकी तिथं, जिथं नानांची मधली रेषा असायची.

उद्घाटनाच्या दिवशी हनुमान कडक कपड्यांत ओट्यावर आला. "मामा, नारळ तुमच्याच हातानं फुटला पाहिजे. आणि राखणदार म्हणून तुमचंच नाव दिलंय. खुर्ची, छत्री, सगळं मिळंल."

नाना म्हणाले, "तू भंडारा उचलला व्हतास."

"व्हय मामा. तुम्ही समोर धरला, मग नाय कसं म्हणू? तुमचं मन मोडवंना. वरनं आधीच ठरलं व्हतं."

म्हणजे उचलला तेव्हाच त्याला ठाऊक होतं.

हनुमानानं सवयीनं मान वाकवली. लहानपणापासून मामाच्या हातचा भंडारा लावल्याशिवाय तो कुठं गेला नव्हता. सामन्याला नाही, परीक्षेला नाही, निवडणुकीचा अर्ज भरायलाही नाही. नानांचा हात ओट्यावरच्या भंडाऱ्याच्या पिशवीकडं गेला. मी शेजारीच बसले होते, मला वाटलं लावतात. त्यांनी पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली आणि आत निघून गेले. हनुमान थोडा वेळ तसाच वाकलेला. मग माझ्याकडं न बघता सदरा झटकत फाटकाकडं गेला. नारळ दुसऱ्याच कुणी फोडला.

संध्याकाळी दिवे लागले. आम्हीच मागितलेले. लई लख्ख, गल्लीतली सुई सापडावी असे. पोरी बाहेरनं गज धरून गाड्या बघत उभ्या. लाइबा ओट्यापाशी येऊन म्हणाली, "नाना, उद्या कुठं खेळायचं?"

नाना आत दिव्यांकडं पाठ करून बसले होते. त्यांना तो उजेड दिसू नये म्हणून मी माझी गोधडी नेऊन त्यांच्या दारावर टांगली. जुनी गोधडी, विरलेली. उजेड आत येतोच.