मोटरसायकलवरून अंबाजोगाईला

माझी पहिली मोटरसायकल मी मीरा रोडला जागा घेतली तेव्हा विकली. मुलगी चार वर्षांची होती. जरा बस्तान बसलं की दुसरी घेऊ, असं तेव्हा वाटलं होतं. त्याला पंधरा वर्षं झाली. या काळात दोन नोकऱ्या बदलल्या, शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगला दोनदा रंग लागला, आणि मग बायको आणि मी वेगळे झालो. मुलीला घेऊन ती डोंबिवलीला भावाच्या शेजारी राहायला गेली. मोठं भांडण असं काही झालं नव्हतं. घरातलं बोलणं हळूहळू कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं, एवढंच. पुढे मुलगी शिकायला अंबाजोगाईला गेली, हॉस्टेलवर. ही बातमीसुद्धा मला आठवड्याने कळली.

आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात जायचे. शनिवार-रविवार मात्र अंगावर यायचे. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द हिंदीत बोललो की त्यानंतर सोमवारपर्यंत कुणाशी बोलायची गरज पडत नसे. एका शनिवारी मिक्सर दुरुस्तीला द्यायला हाटकेशला गेलो होतो. तिथे गाळ्यांच्या रांगेत एक गॅरेज होतं आणि दारात एक काळी मोटरसायकल विकायला उभी होती. मी सहज हँडलला हात लावला. आतून मेकॅनिक चाचा हात पुसत बाहेर आले.

"चलाते थे पहले?"

"चलाता था. पंधरा साल हो गये."

"तो बैठो ना. बैठने का क्या है."

बसलो. पुढच्या शनिवारी ती गाडी माझी झाली. मिक्सर आणायला मी विसरलो, तो चाचांनीच शेजारच्या दुकानातून आणून ठेवला होता.

माझ्या जुन्या गाडीचा पहिला गियर खाली आणि बाकीचे वर होते. हिचे सगळे पुढे दाबायचे. डोक्याला ते लगेच कळलं, पायाला कळेना. म्हणून मी रविवारी सकाळी भाईंदरची मिठागरं ओलांडून उत्तनच्या रस्त्याला जायचो. तिथे गर्दी कमी. डोंगरीच्या चढावर एकदा पायाने जुनीच सवय धरली, गाडी बंद पडली आणि मी उभ्या उभ्या आडवा झालो. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी येत होती. ती थांबली.

"लागलं न्हाय ना रं?"

"नाही मावशी."

"मंग उठ की. गाडी तुज्या पायावर हाय."

खरंच होती. तिने पाटी खाली ठेवली, दोघांनी मिळून गाडी उभी केली. "या वयात कशाला शिकतोस?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. घरी आलो तेव्हा गुडघा सुजला होता, पण कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी अरे-तुरेत बोललं होतं.

जानेवारीत चार-पाच दिवस रजा टाकली. अंबाजोगाई चारशे किलोमीटरच्या वर. मुलीला कळवलं नाही. कळवलं असतं तर ती नको म्हणाली असती. निघताना कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, म्हणून खाली वॉचमनला सांगितलं. "कब आयेंगे?" त्याने विचारलं. त्याच्या वहीत लिहायचं असल्यासारखं मी नीट विचार करून सांगितलं, "मंगळवार तक."

घोडबंदर, कल्याण, मुरबाड. माळशेज घाटात धुकं इतकं दाट होतं की पुढच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसायचा. वर पठारावर आलो आणि थंडीने बोटं वाकेनात. हातमोजे घ्यायचं सुचलंच नव्हतं. ओतूरच्या पुढे एका टपरीवर दोन्ही हातांनी ग्लास धरून चहा प्यायलो. बाकड्यावर आणखी चौघं होते. त्यांचं आपसात काहीतरी लग्नाचं चाललं होतं. मी ऐकत बसलो. दुसरा चहा मी केवळ ते लग्न ठरतं की नाही हे कळावं म्हणून घेतला. ठरलं नाही.

रात्र नगरला एका लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या. मागे बराच वेळ अडकून पडायचो आणि मुलीला काय सांगायचं याची मनात उजळणी करायचो. इतकी वर्षं एक गोष्ट माझ्याजवळ होती, ती सांगायची होती.

हॉस्टेलच्या फाटकावर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. निरोप आत गेला. ती ओढणी सावरत धावतच आली.

"पप्पा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळं बरं आहे. मी सहज आलो."

तिने मोटरसायकलकडे पाहिलं, माझ्या धुळीने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं. "हिच्यावरून? मीरा रोडहून?"

"हो."

"वेड लागलंय का तुम्हाला?" ती म्हणाली आणि मग घाबरल्यासारखी हसली. चार वाजता तिचं प्रॅक्टिकल होतं. आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. तिने माझ्यासाठी पोहे मागवले, स्वतः काही घेतलं नाही. अभ्यास, मेस, रूममेट असं थोडंथोडं झालं. मग मी माझी गोष्ट काढली.

"तू तीन वर्षांची असताना मी तुला टाकीवर पुढे बसवून न्यायचो. डोक्याला लाल कानटोपी. मैदानाला एक चक्कर, अगदी हळू. कावळा दिसला की तू हॉर्न वाजवायचीस. प्रत्येक कावळ्याला. लोक वळून बघायचे."

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मला नाही आठवत."

"काहीच नाही?"

"फोटो आहे का?"

"नाही. फोटो कोण काढणार? आपण दोघंच असायचो."

ती थोडा वेळ टेबलावर बोट फिरवत राहिली. "मला तुम्ही झोपलेले आठवता," ती म्हणाली. "रविवारी. तोंडावर पेपर घेऊन. आई म्हणायची, आवाज करू नको, पप्पा दमलेत. मी पाय न वाजवता चालायला तेव्हाच शिकले."

ती हे रागाने म्हणाली नाही. मी पोहे संपवले.

"आईला माहितीये तुम्ही आलात ते?"

"नाही. सांगू नकोस."

"नाही सांगणार. पण ती विचारते."

"काय?"

"तुम्ही नीट जेवता का म्हणून."

मी जेवतो म्हणालो. तिने माझे हात बघितले, भेगा पडल्या होत्या. हॉस्टेलात जाऊन व्हॅसलिनची अर्धी डबी घेऊन आली आणि "लावा आत्ताच" म्हणून समोर उभी राहिली. मी लावलं. हात तेलकट झाले, गाडी सुरू करताना किकवर जोर दिला की हँडलवरून हात घसरत होता. फाटकाशी दोन-तीन मुली बघत होत्या. चौथ्या किकला गाडी सुरू झाली.

"पोचलात की मिस्ड कॉल द्या."

"मिस्ड कॉल कशाला, फोनच करीन."

"मग रविवारी करा. सकाळी. बाकीच्या दिवशी मला वेळ नसतो."

दोन दिवस तिथेच राहायचं असं मी ठरवून आलो होतो. ते तिला सांगितलंच नाही. त्याच दुपारी गावाबाहेर पडलो, आणि सरळ घरी जायचं जिवावर आलं म्हणून लातूरला गेलो, तिथून सोलापूर, मग सातारा. दिवसभर गाडी चालवायची, संध्याकाळ झाली की दिसेल ते लॉज घ्यायचं. जेवणाची ऑर्डर, पेट्रोल आणि रस्ता कुठला, याच्यापलीकडे मी कुणाशी बोललो नाही. सातारच्या अलीकडे एका शेतात गाडी उभी करून हेल्मेटच्या आत मोठ्याने रडलो. बांधावर बसलेल्या माणसाने तोंड दुसरीकडे वळवलं. ते त्याचं मला बरं वाटलं.

मंगळवारी घरी आलो. वॉचमन सुट्टीवर होता.

रविवारी सकाळी फोन केला. "कुठून गेलात परत?" तिने विचारलं. मी लातूर सांगितलं, सोलापूर सांगितलं, उसाच्या ट्रॉल्या सांगितल्या. ती "मग?" म्हणत राहिली. इतकं आम्ही कधीच बोललो नव्हतो. तेव्हापासून मी शनिवारी कुठेतरी जाऊ लागलो. केळवे, जव्हार, एकदा पार डहाणू. रविवारी सांगायला काहीतरी हवं ना. तिचं शिक्षण संपेपर्यंत हे चालू होतं. माझ्या मागे ती कधी बसली नाही, तिला मोटरसायकल आवडत नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

एका शनिवारी तापाने पडून होतो. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काल कुठे?"

"वज्रेश्वरीला," मी पडल्या पडल्या सांगितलं. "रस्ता चांगला केलाय आता. येताना उसाचा रस प्यायलो."

"मस्त," ती म्हणाली. "मग?"