कुठला गोल?

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर भोसरीचा. काहीही सांगा, मान डोलावून "व्हय" म्हणायचा आणि स्वतःच्या मनाचंच करायचा. खेळाचे जुने सर त्याला मोकळं सोडत. त्यांची बदली झाली आणि लष्करातून निवृत्त झालेले नवे सर आले, तेव्हा आमचे चेहरे पडले.

"गोल सोडून हलायचं नाही!" सरांनी त्याला बजावलं.

"व्हय, सर."

पिंपरीत नव्यानेच उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या संघाशी सामना होता. बरोबरी चालली होती. अखेरीस हा पठ्ठ्या चेंडू घेऊन धावत सुटला, तो समोरच्या संघावर गोल मारून त्यांच्याच गोलाच्या खांबाला टेकला.

सर धावत गेले. "मी काय सांगितलं होतं?"

"गोलातच हाय की सर! कुठला, ते तुमी न्हाई बोललात."

सरांनी गर्रकन पाठ फिरवली. पण हसू दाबताना त्यांचे खांदे गदगदा हलत होते.