कल्ला उचलला तेव्हा

मी ताटातल्या माशाचा कल्ला बोटाने उचलला आणि मोठ्याने म्हणाले, "शिळा हाय!" माझा मुलगा पांढराफटक पडला. बर्फाच्या डोंगरांमधल्या त्या परदेशी शहरातल्या जुन्या, श्रीमंत हॉटेलात तो स्वयंपाकी होता आणि मासळी निवडायचं काम त्याला नुकतंच मिळालं होतं. सुट्टी घेऊन त्याने मला आणि माझ्या नवऱ्याला तिथेच जेवायला बसवलं होतं. शिजवण्याआधी मासा गिऱ्हाइकाला दाखवायची तिथली रीत. मी जन्मभर अर्नाळ्याच्या बाजारात मासळी विकलेली, मला राहवलं नाही. ताज्या माशाचा कल्ला लालभडक असतो, हा तपकिरी निघाला. मी काय म्हणाले ते टेबलाशी उभा असलेला हॉटेलचा मालक विचारू लागला. "आये, मीच घेतलाय तो," मुलगा पुटपुटला आणि मालकाला म्हणाला, आईला मासा आवडला. नवरा माझ्या कानाशी आला. "कोल्याचा पोरगा आनि कल्ला बघत नाय! आता गप खा, नोकरी जाईल त्याची." मेणबत्तीच्या उजेडात, लोण्याखाली दडवलेला तो मासा आम्ही काट्यापर्यंत संपवला. माझ्या वाटचा अर्धा नवऱ्यानेच खाल्ला. मुलगा अजून तिथेच आहे. फोनवर सांगतो, कल्ला बघूनच घेतो. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. त्या टेबलावरचे आता आम्ही मायलेक दोघंच उरलो.