देवराईत राहिलेली हाक

म्बोझे देवराईत कधीही कुणाला नावाने हाक मारत नसे. मुलांनाही तिचे नियम तीनच होते. चपला बाहेर काढायच्या, आतली काडीसुद्धा बाहेर आणायची नाही आणि आत कुणाचं नाव घ्यायचं नाही.

आधी ती केनियातल्या किलिफीजवळच्या आमच्या शाळेच्या फाटकाशी मांडाझी, म्हणजे गोड फुगीर पुऱ्या, तळून विकायची. शिक्षण चौथीपर्यंत. वडील देवराईचे राखणदार होते. कोळसा पाडणाऱ्यांनी कडेची झाडं तोडायला सुरुवात केली, तेव्हा ती तेलकट हातांनीच माझ्या कचेरीत आली. मी तिथली मुख्याध्यापिका.

"बाई, महिन्यातून एक दिवस पोरं माझ्याकडे द्या. ज्याची झाडाशी ओळख झाली, तो त्याच्यावर कुऱ्हाड घालत नाही."

मी तयार झाले. तिने प्रत्येक मुलाला एकेक झाड नेमून दिलं. त्याच्या बुंध्याशी तासभर एकट्याने गप्प बसायचं, मग जोडीदाराला काय दिसलं ते सांगायचं. जोडी मात्र ती मुद्दाम भांडणाऱ्यांची लावायची. प्रत्येक जोडीने एका पक्ष्याचा आवाज आपला म्हणून ठरवायचा. आत हाक मारायची ती त्याच आवाजात.

मी सिस्टरांच्या शाळेत वाढलेली. नावाचा नियम मला भाबडेपणा वाटे. एकदा मी तिला म्हटलं, "नावाला कसली गं भीती?"

"माझ्या आईने आत माझ्या भावाला हाक मारली होती. 'आलो' म्हणाला. अजून यायचाय."

माझ्या डायरीत नोंद आहे: १४ जुलै २००६, शुक्रवार. आभाळ स्वच्छ. सकाळी दहाला बावीस मुलं आत गेली. मी बरोबर होते. अकराला म्बोझेने टाळी वाजवली. सगळी परतली, जुम्वा आली नाही. नऊ वर्षांची, अबोल मुलगी. तिच्या झाडाखाली कुणी नव्हतं. त्या भागात प्रवाळाच्या खडकात खोल विवरं आहेत. पावसानंतर त्यांच्या तोंडावर पालापाचोळा आणि वेली पसरतात.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "जुम्वा!"

एकदाच. किड्यांची किरकिर एकाएकी थांबली. म्बोझेने माझ्या तोंडावर हात ठेवला.

ती जुम्वाच्या जोडीदारणीकडे वळली. हालुवा आणि जुम्वा, पेन्सिलवरून पंधरा दिवस अबोला.

"घाल साद."

"मी नाही. तिने माझी पेन्सिल घेतली."

"तुझं तोंड नकोय मला, भवाने. हात हवेत!"

हालुवा फुरंगटून उभी राहिली. मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा बदलला. मी रडत होते. तिने दोन्ही तळव्यांची ओंजळ मिटून त्यात फुंकर घातली. होल्याचा आवाज घुमला. काही नाही. पुन्हा घुमला. तिसऱ्यांदा डाव्या बाजूने उत्तर आलं, अगदी बारीक.

म्बोझे काठीने जमीन चाचपत पुढे, तिच्या पावलांवर पाऊल ठेवत आम्ही मागे. सोनेरी पाठीच्या, लांब नाकाच्या एका चिचुंद्रीमागे जुम्वा वाट सोडून गेली होती. एका खडकावर गुडघे पोटाशी धरून बसलेली सापडली. हालुवाने तिला मिठी मारली आणि लगेच चिमटाही काढला.

"उठून का नाही आलीस?" मी कुजबुजले.

ती माझ्यापासून मागे सरकली. "तुम्हीच तर केव्हाच्या हाका मारताय. आधी लांबून, मग त्या झुडपामागून. इकडे ये, पाणी आणलंय म्हणालात. पण आत नाव घ्यायचं नसतं ना? म्हणून मी हललेच नाही."

म्बोझेने काठीने झुडूप बाजूला केलं. मागे जमीन नव्हती. मी एक खडा टाकला. तो पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

बाहेर आल्यावर म्बोझेने मला शहाळ्याच्या पाण्याने चूळ भरायला लावली. "भरा, बाई. पण ती हाक आता आतच राहणार."

कधी नव्हे ते मी तिच्याशी वाद घातला नाही.

त्यानंतर म्बोझेने एकोणीस वर्गांना देवराईत नेलं. एकही मूल हरवलं नाही आणि कडेची तोडही थांबली. चार वर्षांपूर्वी ती गेली. आता जुम्वा मुलांना नेते. मी देवराईबाहेर चपला सांभाळत बसते. तीन नियम सांगून झाले की जुम्वा माझ्याकडे न बघता चौथा सांगते, "आत या बाईंचा आवाज आला, तर जागचं हलायचं नाही."

गेल्या महिन्यात सगळ्यात धाकटा मुलगा बाहेर आला. पायांची माती झटकता झटकता थांबला आणि माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, "बाई, तुम्ही इथेच होतात ना?"

'होते' म्हणायला मी तोंड उघडलं. मग नुसती मान डोलावली.